आठ दिवसांत फोन कळत नाही, हे मान्य. मग काय कळतं?

नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणते. 'नवा फोन, पहिले आठ दिवस' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आधी इथे देते, म्हणजे बाकीच्यांना शोधत बसायला नको. "आठ दिवसांत फोन कळतो का? फोनचं नाव नाही, बेंचमार्क नाही, कॅमेऱ्याचा एक नमुना नाही. बॅटरी टिकत नाही, बोटाचा ठसा लागत नाही, फोन जड आहे, एवढंच रडगाणं. अर्धा लेख तर कीबोर्डवर. जुन्या फोनचा एवढा लळा होता तर बदललात कशाला?"

उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. तुम्हाला खटकलेल्या दोन गोष्टी मलाही पुन्हा तपासायच्या होत्या. आज फोन घेऊन ३४ दिवस झाले.

तर आधी माझ्या चुका. बॅटरीबद्दल मी लिहिलं होतं की सकाळी ८ ला शंभर टक्के घेऊन निघते आणि संध्याकाळी ६ ला १९ टक्के उरतात. ५००० एमएएचची, म्हणजे चांगली मोठी, बॅटरी काय कामाची? ती नोंद तिसऱ्या दिवशीची होती आणि तिसऱ्या दिवशी ती करायलाच नको होती. माझ्या जुन्या फोनमध्ये साधारण ११ हजार फोटो होते. ते सगळे नव्या फोनवर उतरत होते, मग फोन त्यातले चेहरे ओळखून गठ्ठे लावत होता, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप उलगडत होता, शंभरेक अ‍ॅप एकामागोमाग एक अपडेट होत होती. शिवाय कुठलं अ‍ॅप आपण कधी उघडतो हे कळायलाही अँड्रॉइडला थोडे दिवस जावे लागतात, त्यानंतर ते बाकीच्यांना गप्प बसवतं. म्हणजे नवीन बाई कामाला लागली त्याच दिवशी तिच्याकडून माळा साफ करून घ्यायचा आणि संध्याकाळी म्हणायचं, ही लवकर दमते. आता त्याच दिनक्रमात, त्याच वेळेला ४५ ते ५० टक्के उरतात. त्यातला थोडा भाग मी ५जी बंद करून ४जीवर आले त्याचाही आहे. लोकल पळत असताना फोन एकामागून एक टॉवर धरत-सोडत असतो, आणि सिग्नल अशक्त झाला की जास्त जोर लावतो. मुलुंड ते दादर एवढ्या प्रवासात मला ५जीने करायचं असतं काय? निरोप वाचायचे आणि गाणी ऐकायची.

बोटाच्या ठशाबाबत तर मी फोनवर सरळ सरळ अन्याय केला. फोन घेतला त्याच संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवर १५० रुपयांची काच लावून घेतली. या फोनचा सेन्सर पडद्याच्या खाली आहे. पडदा त्या जागी उजळतो आणि सेन्सर बोटाचं प्रतिबिंब टिपतो. वर जाड काच, तिच्याखाली हवेचा थर, आणि ठसा नोंदवलेला काच लावायच्या आधी! तो बिचारा काय ओळखणार? काच काढली, बोट पुन्हा नोंदवलं, दहातल्या नऊ वेळा उघडतो. उरलेली एक वेळ म्हणजे दादरचा पूल चढून आल्यावर हाताला सुटलेला घाम, किंवा लसूण सोलून झिजलेला अंगठा. ते फोनचं खातं नव्हे. दोन्ही दुरुस्त्या मूळ लेखात तारीख घालून टाकते आहे.

आता ज्यावर मी हटणार नाही ते.

तुमचं म्हणणं, आठ दिवसांत फोन कळत नाही. बरोबर. पण आठ दिवसांनंतर जे कळेनासं होतं, त्याचं काय? दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांना डिसेंबर २०२३ मध्ये ८ ते १४ असे नवे क्रमांक मिळाले. त्या आठवड्यात पुलावर जो तो एकमेकांना विचारत होता, "जुना कितवा?" वर्षानुवर्षं त्याच जिन्याने उतरणारी माणसं पाटीखाली थांबून मान वर करून बघत होती. आज त्यातल्या कुणालाही विचारा, काही त्रास झाला होता का? छे, काहीच नाही! खोटं बोलत नाहीत, खरंच विसरलेत. महिन्याभराने लिहिलेलं फोनचं परीक्षण हे असं असतं. ते लिहिणाऱ्याच्या पायांना नवा जिना सवयीचा झालेला असतो. मला पाटीखाली थांबलेल्या माणसाची नोंद करायची होती. लेखाच्या पहिल्याच ओळीत हे सांगायला हवं होतं आणि ते राहिलं, एवढी चूक पदरात घेते.

वजनाचंच घ्या. जुना फोन १४६ ग्रॅम, नवा २०३, वर कव्हर. तुम्ही म्हणाल, ५७ ग्रॅमचं काय एवढं, मूठभर शेंगदाणे. टेबलावर ठेवून वापरणाऱ्याला काहीच नाही. मी सकाळी लेडीज डब्यात उभी असते, डाव्या हातात वरची कडी, खांद्याला पर्स, मधे कुणाची तरी डब्याची पिशवी, आणि फोन एकट्या उजव्या हातात. जुन्या फोनवर अंगठा चारही कोपऱ्यांत पोहोचायचा. या ६.७ इंचांवर डाव्या वरच्या कोपऱ्यात पोहोचायचं तर फोन तळहातावर सरकवून वर घ्यावा लागतो, आणि बरोब्बर त्या क्षणी घाटकोपर येतं आणि गर्दीचा लोंढा आत शिरतो. बाकी सांगायला नको. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन हातातून सुटला, दोन्ही वेळा शेजारच्या बाईच्या ओढणीने वाचवला. नंतर कळलं की एकहाती वापराची सोय आहे, तळाशी बोट खाली ओढलं की सगळा पडदा अर्ध्यावर उतरतो. मग कळलं ना! पण दोन ओढण्यांनंतर.

कॅमेऱ्याचे नमुने दिले नाहीत कारण माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. वरणाचा रंग हळद सांडल्यासारखा येतो, आणि पहिले तीन दिवस सगळ्यांचे चेहरे लग्नाच्या अल्बमसारखे गुळगुळीत येत होते. चेहरा उजळायची सोय आधीपासून चालू होती, ती बंद केली. बेंचमार्कचा, म्हणजे फोनच्या वेगाच्या चाचणीचा, आकडा मी वाचू शकते, पण तो माझ्या दिवसात कुठे बसवायचा हे मला कळत नाही.

आणि फोनचं नाव? ते लिहिलं असतं तर तुमच्यासकट सगळ्यांनी 'ही कंपनी की ती' यावर चाळीस प्रतिक्रिया केल्या असत्या आणि लेखातलं उरलेलं काही कुणी वाचलं नसतं. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवरच आले आहे, फक्त कंपनी बदलली. हे एवढं पुरावं.

खरं तर पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो फोनबाहेरच. यूपीआय हे नुसतं अ‍ॅप नाही, ते तुमच्या सिमला आणि हँडसेटला बांधलेलं असतं. नव्या फोनवर सुरू करायचं तर त्या फोनमधूनच, त्याच सिमवरून एक एसएमएस गेला पाहिजे. माझी सिमं दोन. फोनने आपल्या मनाने दुसरी निवडली, तिच्यात बॅलन्स शून्य. अर्धा तास 'पडताळणी अयशस्वी'. ते जमलं तर पहिले २४ तास ५००० रुपयांची मर्यादा. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे, कुणी तुमचं सिम पळवून दुसऱ्या फोनवर खातं उघडलं तर निदान नुकसान मर्यादित राहतं. पण नेमकी त्याच दिवशी क्लासची ७५०० रुपये फी भरायची शेवटची तारीख. फोन बदलायचा तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बदलू नका, आणि पाकिटात रोख ठेवा, हे मला कुठल्याही परीक्षणात सापडलं नव्हतं. संध्याकाळी बाजारात मासेवाल्या मावशींना पैसे पाठवताना माझा हात थरथरत होता. त्यांनी पापलेटाची पिशवी हातात ठेवलीच नाही. "ताई, डबी बोलली नाय अजून." डबी म्हणजे पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा छोटा स्पीकर. ती बोलली तेव्हा आम्हा दोघींनाही हायसं वाटलं.

मग नंबर. माझे बरेचसे नंबर गूगल खात्यात होते, पण साठेक नंबर जुन्या फोनच्या पोटातच राहिले होते आणि काही तर सिममध्ये. कोणते? जे घाईत टिपलेले असतात तेच. 'प्लंबर २', 'लिफ्टवाले नवीन', 'गॅस शेगडी', 'आई कडची नर्स'. शेवटच्या नंबरासाठी रात्री साडेदहाला जुना फोन चार्जिंगला लावून बसले होते.

सोसायटीच्या ग्रुपची गंमत लेखात लिहायची राहिली, ती आता लिहिते. सहाव्या दिवशी सकाळी ६:४० ला निरोप आला, 'टाकी धुणार, ७ ला पाणी बंद'. माझ्या फोनवर तो उमटला ७:२५ ला, तेव्हा मी डोक्याला शांपू लावून नळाखाली वाट बघत होते. बॅटरी वाचवायच्या नादात या कंपनीचा फोन मागे चाललेली अ‍ॅप स्वतःच्या मर्जीने झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढलं की निरोप वेळेवर येतात. म्हणजे बघा, बॅटरी टिकत नाही म्हणून मी ज्याला शिव्या देत होते, तो ती टिकवण्यासाठी माझ्या आंघोळीवर उठला होता.

आणि आता तो कीबोर्ड. "अर्धा लेख कीबोर्डवर" हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसातला बराचसा मजकूर फोनवरच तपासते, निरोप सगळे मराठीत. माझ्यासाठी फोन म्हणजे आधी कीबोर्ड, मग बाकीचं. फोनबरोबर आलेल्या कीबोर्डमध्ये देवनागरी होती, पण शब्द सुचवताना तो सारखा हिंदीकडे झुकायचा. 'आहे' लिहिताना 'आहें' पुढे करायचा, आणि ळ शोधायला ल दाबून धरावा लागायचा. ज्या भाषेत पोळी, केळी, डाळ, टाळा आणि आळस आहे तिथे ळ माळ्यावर ठेवून कसं चालेल?

खरा घोटाळा झाला तो र-चा. मावसबहिणीच्या मुलाची मुंज, जेवणाचं माझ्याकडे. मी लिहिलं, 'आचाऱ्यांना तीन हजार आगाऊ दिले'. कीबोर्डने परस्पर 'आचार्यांना' केलं. पाच मिनिटांत बहिणीचा फोन, "गुरुजींना आत्तापासून तीन हजार कशाला?" 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांच्यात मराठी फक्त य-ला जोडलेल्या र-च्या एका आडव्या पापणीचा फरक ठेवते. हिंदीला ती पापणी लागत नाही, म्हणून जो कीबोर्ड हिंदीच्या चष्म्यातून देवनागरी बघतो त्याला ती चूक वाटते. मी जुन्या फोनवरचा कीबोर्ड इथे उतरवून घेतला, मराठी एकटीच भाषा ठेवली, आपोआप दुरुस्ती बंद केली. आता आचारी आचारी राहतात.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे अक्षरांचं रूप. पडद्यावरचा ल आणि श मला पहिल्या दिवसापासून परके वाटत होते, पण का ते दोन दिवस ध्यानात येईना. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श असावा, असं राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ठरवून दिलेलं आहे. हिंदी छपाईत दोन्हींची वळणं वेगळी, तिथल्या ल-ला उजवीकडे उभी दांडी असते, पाकळीच्या ल-ला ती नसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांत, मात्र एका अक्षराच्या दोन्ही वळणांचा क्रमांक एकच. कोणतं रूप दाखवायचं ते फॉन्टने भाषा बघून ठरवायचं असतं. माझ्या फोनची भाषा इंग्रजी होती, तेव्हा त्याने देवनागरी दिसली की हिंदी वळण लावलं. फोनची मुख्य भाषा मराठी केली आणि निरोपांमध्ये पाकळीचा ल उमटला. सगळ्या अ‍ॅपमध्ये नाही, बँकेचं अ‍ॅप अजून अडून बसलं आहे. पण 'Settings'च्या जागी 'सेटिंग्ज'च आणि 'Battery'च्या जागी 'बॅटरी'च लिहिलेलं बघून वाटलं, एवढ्यासाठी आपण इंग्रजीत का राहत होतो!

उरला तुमचा शेवटचा प्रश्न. जुन्या फोनचा लळा होता, आहेही. बदलला तो हौसेने नाही. मे महिन्यात माझ्या बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं की या अँड्रॉइडवर ते यापुढे चालणार नाही, आणि त्या फोनला नवं अँड्रॉइड मिळणं कधीच बंद झालं होतं. पडदा धड, कॅमेरा धड, बॅटरी अर्धी का होईना चालती. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने फोन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, याला काय झालंय?" मला उत्तर देता आलं नाही. एक्स्चेंजमध्ये ८०० रुपये म्हणाला, मी फोन परत पर्समध्ये ठेवला. आता तो स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी असतो, सिम नसलेला, वायफायवर गाणी लावायला.

एक विनंती. हे उत्तर तुम्ही बहुधा फोनवरच वाचत असाल. 'लळा' या शब्दातला ल एकदा नीट बघा आणि तो पाकळीचा दिसतो का, तेवढं खाली लिहा. या वेळी फोनचं नावही लिहिलंत तर चालेल.