‘काही नही व्हस रे भो’ म्हणणाऱ्यांनो, या आता खाजवायला

डोंगरात निघालेल्या माणसाने मच्छर-गोचिडांचं विचारलं की "काही नही व्हस रे भो", म्हणजे काही होत नाही रे भाऊ, म्हणून पाठीवर थाप मारायची ही जी सवय आहे ना आपल्या लोकांची, ती आधी बंद करा. काही नही व्हस म्हणे! इकडे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टिचभर जागा सुटली नाहीये, रात्रभर पोटऱ्या चोळत बसतोय आणि घरचे विचारतात देवाला गेला होता की मारामारीला.

दिवाळीत अस्तंबाच्या डोंगरावर अश्वत्थाम्याच्या यात्रेला पायी गेलो, आपल्याकडची पोरं जातात तसं. आता जरा डोकं लावा, पाऊस नुकताच संपलेला, सातपुड्यात गवत कमरेपर्यंत, नाल्याच्या डबक्यांत पाणी, गुरं-शेळ्या त्याच पायवाटेने चरायला जातात, म्हणजे चावणाऱ्या जेवढ्या म्हणून जाती आहेत त्या सगळ्यांची दिवाळी पण तेव्हाच. आणि ग्रुपवर लिस्ट काय आली तर पॉवरबँक, गॉगल, खायला भत्ता, सेल्फी स्टिक. अंगाला काय लावायचं, एक अक्षर नाही! मी विचारलं तर हसणारे इमोजी पडले धडाधड.

मग मेडिकल. म्हटलं डीट, म्हणजे मच्छर दूर ठेवणारं औषध, असलेलं काही द्या, २०-३० टक्क्यांचं. त्याने रबरी बँड काढला, मनगटात घालायचा, सिट्रोनेलाच्या वासाचा. अरे भाऊ, मनगट वाचेल एकवेळ, पोटरीने काय घोडं मारलंय? आणि ते सिट्रोनेला उडून जाणारं तेल, चढावर घामाने निथळलं की तासभर पण टिकत नाही. दुसऱ्याकडे कपड्यांवर मारायचा परमेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे मागितला, अर्धा टक्कावाला, तो अंगाला लावायचा नसतो, बूट-मोजे-पँटवर मारून वाळवायचा, मग गोचीड चढली तरी तिथेच गार होते आणि काही धुण्यांपर्यंत असर राहतो. त्याने नाव ऐकलं आणि त्याच औषधाची खरजेची ट्यूब ठेवली काउंटरवर! वरून हळू आवाजात विचारतो, किती दिवसांपासून आहे? शेवटी मच्छरांची साधी क्रीम घेतली, वाईट नाही ती, पण घाम येणाऱ्याला पुन्हा पुन्हा लावावी लागते, आणि आधी सनस्क्रीन मग ही, उलटं नाही, हे कोण सांगणार?

सांगायला बाकीचे आहेत ना. लसूण खा. बी-वनच्या गोळ्या घे. मोबाईलमध्ये ॲप टाक, आवाजाने पळतात. काही पळत नाहीत, एकजण ॲप चालू ठेवून झोपला होता, सकाळी डोळा सुजून बंद. आणि सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य म्हणजे "तुझं रक्त गोड आहे". गोडाचा काय संबंध? मच्छराची मादी येते ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर, घामाच्या वासावर, अंगाच्या गरमीवर, आणि गडद कपडे तिला लवकर दिसतात. आमच्यातले अर्धे काळ्या टीशर्टमध्ये आणि हाफ पँटवर, कारण रील चांगली येते. मी फुल बाह्या आणि पँट मोज्यात खोचली तर "काय रे, फवारणीला चालला का?"

मुक्कामाला शेळ्यांच्या शेजारी ओट्यावर पथाऱ्या टाकल्या (जागा कोणी निवडली ते विचारू नका, माझं तोंड सुटेल). सकाळी एकाच्या गुडघ्यामागे गोचीड, तिळाएवढी, तोंड आत खुपसलेलं, पाय हलतायत. लगेच एक शहाणा माचिस घेऊन, दुसरा म्हणतो तेल सोडा वर. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात, इथे पोरं गोचिडीसाठी मागत फिरत होती! चटका दिला की ती पोटातलं उलट आपल्याच जखमेत ओकू शकते. बारीक चिमटा पाहिजे, कातडीला टेकवून तोंडाजवळ धरायचं आणि पिळ न देता सरळ वर ओढायचं, मग साबणाने धुवायचं. चिमटा होता कोणाकडे? ड्रोनच्या एक्स्ट्रा बॅटऱ्या मात्र दोन होत्या.

बरं हे खाजेवर थांबत असतं तर मी एवढा बोंबललो नसतो. गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्यांच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस होतो, चावलेलं कळत पण नाही, मग आठ-दहा दिवसांनी ताप, कुठेतरी काखेत-जांघेत काळी खपली. डॉक्टरला गवतातून फिरलो होतो हे सांगितलंच नाही तर ते बिचारे डेंग्यू-मलेरियाच शोधत बसतात, आणि यावर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध असताना वेळ जातो. शेजारी गुजरातेत २०२४ मध्ये चांदीपुरा विषाणूने लेकरं दगावली, तो वाळूमाशीने पसरतो, ही माशी मच्छरापेक्षा एवढी बारीक की साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते. आणि आमचे भो "जंगलात गेलं की चावायचंच" करत दात काढतात.

आता ग्रुपवर तोरणमाळचं शिजतंय. यावेळी लिस्ट मी टाकणार, आणि हाफ पँटवाल्याला गाडीत चढू देणार नाही, मग तो ॲडमिन का असेना.