पदकं ट्रंकेत की चावडीत?

काल कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते बापूच्या ट्रंकेवरून. गावच्या जुन्या चावडीत सैनिकांच्या वस्तूंचं छोटं म्युझियम करायचं चाललंय, आणि बापूच्या आज्याची पहिल्या महायुद्धातली दोन पदकं मागितलीत.

"न्हाई देणार. दसऱ्याला पुजतो आम्ही. चावडीत गेली की सहा महिन्यांनी किल्ली कुणाकडं, हे ग्रामसेवकालाबी म्हाईत नसतंय."

सुभेदार उसळले. "पुजता म्हणजे रांगोळीनं घासता!"

बापूनं खिशातून पदकं काढलीच. चांदीच्या पदकावर पंचम जॉर्ज, मागं घोडेस्वार. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इथं नाव पार उडालंय. मोबाईलची बॅटरी तिरकी धरली तेव्हा कुठं '११०' दिसलं. सुभेदारांचा आवाजच बदलला. ११० वी मराठा पलटण इराकमधल्या कुटला तुर्कांच्या वेढ्यात होती. डिसेंबर १९१५ पासून वेढा, मग उपासमार, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

दुसरं पदक काशाचं. त्याला कुणी हात लावला नाही, म्हणून त्यावरचं नाव लख्ख!

मास्तरांचं म्हणणं, म्युझियम हवं ते या नावांसाठी. लढाईनंतर इंग्रजांनी गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या: गावातून इतके गेले, त्यातले इतके पडले. नावं नाहीत. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही अधिकाऱ्यांची नावं, आपल्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा.

"आपलं काय अपशिंगे मिलिटरी आहे व्हय? साताऱ्याकडच्या त्या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले, त्यांचं ठीक आहे," बापू. हा मुद्दा मला मुळीच पटला नाही. ज्या गावाचं नाव कुणी घेत नाही, त्यालाच तर यादीची जास्त गरज.

मी मधला मार्ग सुचवला. मालकी घरच्यांचीच, वस्तू लेखी करारावर, आणि नोंदवही-फोटोंची एक प्रत शाळेत. सुभेदारांना ती कारकुनी वाटली. वाटू दे.

इतक्यात चहा ओतता ओतता टपरीवाला दादा म्हणाला, "आमचा आजा १११ महार पलटणीत हुता. १९१७ ला उभी केली, १९२१ ला मोडली. पदक आज्जीनं दुष्काळात सोनाराला दिलं. आता आमच्याकडं वस्तूच न्हाई, मग चावडीत आमचं काय?"

इतका वेळ आम्ही फक्त कपाटाचं बोलत होतो. सोनाराच्या मुशीत अशी किती पदकं गेली असतील! मास्तर म्हणाले, नावाची चिठ्ठी ठेवू. सुभेदार म्हणाले, चिठ्ठी नको, फळी द्या, बापूच्या फळीएवढीच. त्यावर बापू, "माझ्या शेजारी ठेवा की, मी कुठं न्हाई म्हणलं?"

म्हणजे तो देणार तर! काशाचं लगेच, चांदीचं दसऱ्यानंतर, आणि घासणं आजपासून बंद. किल्लीचं मात्र अजून ठरेना. सुभेदारांना ती स्वतःकडं हवीय, बापू म्हणतो दोन कुलपं लावा.