नाथसागर किती टक्के?

अमेरिकेत, टेनेसीत राहून दहा वर्षं झाली, तरी पावसाळ्यात मामांना माझा पहिला प्रश्न तोच: "नाथसागर किती टक्के?" नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. २०२५ च्या सप्टेंबरात ते वैतागून म्हणाले, "भरलंय रे! आता दारं उचललीत. नदीकाठी कुणाला झोप नाही." त्यांचं शेत गेवराई तालुक्यात, गोदावरीला लागून. जूनपासून धरण भरू दे म्हणणारा माणूस, आणि कापूस त्याच धरणाच्या पाण्याखाली.

आमच्या घराजवळ नॉरिस धरण आहे, १९३६ चं. पहिल्या हिवाळ्यात तिथे गेलो तर बोटींचा धक्का चिखलात टेकलेला. माझ्यातला मराठवाडी दचकलाच, धरण आटलं की काय! शेजारी हसला. पुराला जागा राहावी म्हणून पाणी मुद्दाम उतरवतात. उन्हाळ्यात १०२० फुटांच्या आसपास, जानेवारीत १०००.

मग पैठणलाही तसंच करा, असं इथले आपलेच मित्र सुचवतात. मला ते पटत नाही. इथे पाऊस बारमाही. आपल्याकडे ऑगस्टमध्ये सोडलेलं पाणी सप्टेंबर कोरडा गेला तर परत कोण देणार? १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, त्यावरून दर दुष्काळात कोर्टकचेऱ्या. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलेलं आपण पाहिलंय. अशात धरण रिकामं ठेवायची हिंमत कोणता अभियंता करील? मीही केली नसती. (वीज म्हणाल तर १२ मेगावॅट. तिच्यासाठी भांडायला कुणी येत नाही.)

म्हणजे सिंचन आणि पूरनियंत्रण एकाच भांड्यात भांडणार, हे धरूनच चालावं लागेल. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. नॉरिसची पुढच्या दिवसांची अंदाजित पातळी मला फोनवर दिसते. जायकवाडीतही कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक असतं, पण मामांनी ते कधी पाहिलेलं नाही. त्यांच्यापर्यंत येतो तो विसर्गाचा आकडा, क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट), तोही कुणीतरी फॉरवर्ड केलेला.

मामांचं माप नदीकाठच्या मारुतीच्या पायऱ्या. तिसरी बुडाली की मोटार उचलायची, पाचवी बुडाली की जनावरं सोडायची. त्या रात्री त्यांनी मलाच विचारलं, "तू शिकलेला ना? लाख क्युसेक म्हणजे कितवी पायरी, सांग."

मला सांगता आलं नाही.