बिल्ल्यावर ‘फियाट’ नाही म्हणून तो खोटा ठरत नाही

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. इतरांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मोटार कारखान्यांतल्या कामगारांच्या सदऱ्यावर लावायच्या जुन्या नंबरी बिल्ल्यांवर मी लिहिलं, त्यात कष्टांचा भाव रुपयांत केला, हा तुमचा पहिला राग. झिजलेल्या बिल्ल्याला कमी किंमत येते हे तुम्हाला पटलं नाही. नंबर जितका लहान तितका बिल्ला जुना, असं तुमचं म्हणणं. आणि असं काही लिहिलं की भंगारवाले जागे होतात, ही तक्रार. शिवाय तुमच्या आबांचा कुर्ल्याच्या प्रीमियरमधला बिल्ला तुम्ही जळगावात एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला दाखवलात, तर तो म्हणाला, ‘यावर फियाट लिहिलेलं नाही, याला कोण विचारतं?’

या शेवटच्या गोष्टीपासूनच सुरू करतो, कारण त्या माणसाचं ऐकून तुम्ही बिल्ला मातीमोल विकाल.

कामगाराला बिल्ला देते ती पगार देणारी कंपनी. तुमचे आबा फियाटचे नोकर नव्हते, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे होते. वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली. कुर्ल्याला १९४७ पासून गाड्या जोडायला सुरुवात झाली तेव्हा त्या क्रायस्लरच्या होत्या: डॉज, प्लिमथ, डिसोटो. फियाट आली ती नंतर. लोक जिला डुक्कर फियाट म्हणायचे ती फियाट अकराशे त्याच आवारात तयार झाली आणि अकराशेच्याच नंतरच्या मॉडेलची पुढे पद्मिनी झाली. गाडीचं नाव बदललं, पगाराच्या पाकिटावरचं नाव प्रीमियरच राहिलं. तेव्हा बिल्ल्यावर ‘प्रीमियर’ आणि ‘बॉम्बे’ असेल तर ते अगदी बरोबर आहे. उलट कामगार नंबरासकट मोठ्या अक्षरात ‘फियाट’ किंवा ‘अँबॅसडर’ लिहिलेला बिल्ला हातात आला की मी सावध होतो. अँबॅसडर बनवायची ती हिंदुस्थान मोटर्स, कारखाना होता बंगालमध्ये उत्तरपाड्याला. नकली माल काढणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या तोंडी असलेलं नाव हवं असतं, कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला तसं काही नको असतं.

हीच पारख इतर ठिकाणीही लागू पडते. टाटांच्या कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं २००३ साली, त्याआधी ती टेल्को. साठच्या दशकातला म्हणून कोणी ‘टाटा मोटर्स’चा बिल्ला विकत असेल तर हात जोडून पुढे जा. इंग्रजीत ‘मुंबई’ असेल तर तो १९९५ नंतरचा धरा. मात्र देवनागरीत मुंबई पूर्वीपासूनच लिहिलं जायचं, त्यावरून साल काढू नका. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ एवढाच चालला. त्याच्या बिल्ल्यावर कोणी १९६० सांगू लागला तर प्रश्न तिथेच मिटला.

आपल्या खानदेशात तर आणखी एक घोळ होतो. घरात सापडलेला प्रत्येक पितळी बिल्ला मोटार कंपनीचा नसतो. भुसावळकडच्या घरांत रेल्वेचे बिल्ले निघतात, ‘जी.आय.पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल तर तो १९५१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी मध्य रेल्वे झाली. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगाव इथे गिरण्यांची टोकनं. टॅक्सी आणि बस चालवणाऱ्यांना आर.टी.ओ.कडून मिळायचा तो बिल्ला वेगळाच, आणि तोच ‘मोटार फॅक्टरीचा’ म्हणून सर्रास खपवला जातो. या सगळ्यांना आपापलं मोल आहे, फक्त ज्याचं त्याला द्यावं.

आता नंबर. तुमच्या बिल्ल्यावर २१४ आहे, म्हणून आबा पहिल्या दोन-तीनशेतले, असा तुमचा हिशेब. बऱ्याच कारखान्यांत नंबर खात्याप्रमाणे वाटलेले असत. पेंट शॉपला एक गट, मशीन शॉपला दुसरा, आणि माणूस सोडून गेला की त्याचा नंबर नव्या माणसाला. तेव्हा २१४ वरून खातं कळू शकेल, साल कळणार नाही. साल कळेल ते नेमणूकपत्रावरून किंवा प्रॉव्हिडंट फंडाच्या जुन्या चिठ्ठीवरून.

नंबराकडून दुसरीच एक गोष्ट शिकायची. सराफाचं भिंग घ्या आणि २, १, ४ हे तीन आकडे तिरप्या उजेडात बघा. कंपनीचं नाव डायनं, म्हणजे कोरीव ठशानं, छापलेलं असतं, सगळ्या बिल्ल्यांवर एकसारखं. नंबर मात्र नंतर एकेक आकड्याचा पंच (पोलादी ठसा) घेऊन हातोडीनं ठोकलेला. त्यामुळे एखादा आकडा किंचित कललेला दिसतो, एखादा जास्त खोल. आकड्याच्या कडेला धातू दबून वर आलेला असतो, पत्रा पातळ असेल तर मागच्या बाजूला हलका उठावही लागतो. खऱ्या बिल्ल्याचा साचा काढून ओतलेल्या नकलेत नाव आणि नंबर दोन्ही सारखेच मऊ दिसतात, बारीक छिद्रं दिसतात, आणि पितळ थंड होताना आकसल्यामुळे नक्कल लहान भरते. मूळ बिल्ला ४० मिलिमीटरचा असेल तर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. बारीक माप घेणारा व्हर्नियर लावला की कळतं. मग उलटा करून पिन कशी झाळली आहे ते पाहा. पुढची बाजू काळवंडलेली आणि मागची झाळ नवी चकचकीत, असं का, हे विकणाऱ्याला विचारायचंच.

झिजेबद्दल माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पूर्ण पोचलं नाही असं वाटतं. अंगावर वापरून आलेली झीज आणि घासून आणलेली झीज या वेगळ्या गोष्टी आहेत. सदऱ्यावर वर्षानुवर्षं लावलेल्या बिल्ल्याच्या फक्त उंच कडा गुळगुळीत होतात, खोबणीतला तपकिरी थर तसाच राहतो. असा बिल्ला मला नव्याकोऱ्यापेक्षा जास्त आवडतो. पण दिवाळीला चिंच-मीठ लावून घासलेला, किंवा कोणी हौसेनं बफ मारून (फिरत्या चाकावर चकचकीत करून) आणलेला बिल्ला सगळीकडे सारखाच पिवळा होतो, अक्षरांच्या धारा जातात, आणि खऱ्याखोट्याचा पुरावाही त्याबरोबर जातो. मिन्याचा, म्हणजे वर भाजून बसवलेल्या रंगीत थराचा, टवका उडाला असेल तर भाव उतरतो हेही खरं आहे. रंग भरून तो झाकू मात्र नका. हिरवी ओलसर भुकटी दिसली तर लाकडी काडीनं अलगद काढा, कोरड्या कापडानं पुसा आणि कागदी पाकिटात ठेवा. मऊ पी.व्ही.सी.च्या पाकिटात ठेवलात तर त्यातून सुटणारं आम्ल पितळेला खातं.

राहिला भंगारवाल्यांचा मुद्दा, आणि माझा तुमच्याशी खरा मतभेद तिथेच आहे. भंगारवाला माझा लेख वाचून दारात येत नाही, तो तसाही येतो, आणि वजनावर घेतो. बिल्ला भरतो २० ग्रॅम. पितळ किलोला ५०० रुपये धरलं तरी हातात पडतात १० रुपये. घरच्यांना त्याचं मोल ठाऊक नसतं म्हणूनच तो जुन्या समईबरोबर तराजूत जातो. इंटरनेटवर मागितलेल्या किमती बघून हुरळून जाऊ नका, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघा. आणि हे आवर्जून सांगतो: सुटा बिल्ला आणि ज्याच्या मालकाचं नाव, खातं, नेमणुकीचं साल कागदावर आहे असा बिल्ला, यांच्या किमतीत मोठी तफावत असते. म्हणजे तुमच्या आबांच्या कष्टांची जी ओळख तुम्हाला जपायची आहे, तिच्यामुळेच बिल्ल्याचा भावही वाढतो.

तुम्ही लिहिलंय की आबांचा ट्रंक अजून माळ्यावर आहे. त्यात पगाराची पाकिटं, ई.एस.आय.चं (कामगार विम्याचं) कार्ड, युनियनच्या पावत्या असतील तर बिल्ल्याजवळच ठेवा. युनियनचा बिल्ला वेगळा निघाला तर तो कंपनीच्या बिल्ल्यात मिसळू नका. दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाउजेडी काढून पाठवा. तोपर्यंत तो जळगावच्या माणसाला देऊ नका, आणि कृपा करून घासू नका.