रविवार कॉन्स्टंटाइनने सुरू केला नाही

‘खरा शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) शनिवारचा, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली तो रविवारी ढकलला,’ असा मजकूर मंडळीच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, यात वाद नाही. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून तर त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

पण आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, भाकर मोडायला विश्वासी जमले होते, हे नव्या करारात प्रेषितांची कृत्ये 20:7 मध्येच आहे. ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने दुसऱ्या शतकाच्या मध्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन केले; कॉन्स्टंटाइन तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याच्या हुकमाने न्यायाधीश, शहरवासी आणि कारागिरांना सूर्याच्या दिवशी सुट्टी दिली. शेतकऱ्यांना मात्र कामाची मुभा होती, पेरणीचा हंगाम हुकू नये म्हणून! म्हणजे जमण्याचा दिवस आधीपासूनच होता, सरकारी सुट्टी नंतर आली.

सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती आजही शनिवार पाळतात. त्यांचा खरा आधार दहा आज्ञांतली चौथी, शब्बाथ पवित्र पाळण्याची आज्ञा (कॅथलिक मोजणीत तिसरी), आणि चर्चा करायचीच तर ती तिच्यावर व्हावी.