‘निरंक’ म्हणजे ‘मान्य’ नव्हे

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मत न देणारा बहुधा समाधानी असतो, स्वित्झर्लंडमध्ये निम्मे मतदारही जात नाहीत, तरी तिथली लोकशाही ठणठणीत आहे, मग उदासीनतेचा एवढा बाऊ कशाला?

आकडा बरोबर आहे. १९७९ पासून तिथल्या संसदेच्या एकाही निवडणुकीत मतदान ५० टक्क्यांवर गेलेलं नाही. पण तिथे संसदेने केलेला कायदा नको असेल, तर १०० दिवसांत ५०,००० सह्या जमवून तो सार्वमताला लावता येतो. वर्षातून तीन-चारदा मतदान असतं. एका खेपेला घरी बसलेला माणूस पुढच्या खेपेला, विषय आपला वाटला की, जातो. त्याला मी उदासीन म्हणणार नाही.

गप्प बसणं तटस्थ असतं, हे मात्र पटत नाही. इटलीत कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्याहून अधिक मतदार यावे लागतात, नाहीतर सगळं बाद. म्हणून विरोधक ‘नाही म्हणा’ऐवजी ‘जाऊच नका’ असा प्रचार करतात. जून २०२५ मध्ये जेमतेम ३० टक्के आले आणि पाचही प्रश्न बारगळले. त्यातला एक, नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट १० वर्षांवरून ५ वर आणण्याचा होता. ज्याला विषयच ठाऊक नव्हता, तोही विरोधकांच्या खात्यात जमा!

खरी गळती मात्र दोन निवडणुकांच्या मधे होते. आराखडा जाहीर होतो, हरकतींची मुदत संपते, अहवालात एक शब्द उमटतो: ‘निरंक’, म्हणजे एकही हरकत आली नाही. पुढे वाद झाला की तोच संमतीचा पुरावा. हरकत आलीच, तर ‘आराखडा लोकविरोधी आहे’ अशी मोघम. तिच्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो आणि फाइल पुढे सरकते. त्याऐवजी कलम कोणतं, अडचण काय, बदली मजकूर कोणता, हे एका पानात लिहून पोच घेतली, तर कारण न देता ती फेटाळणं निदान डोळ्यांवर येतं. एकाच मजकुराच्या दोनशे प्रती बऱ्याचदा एकच हरकत म्हणून मोजल्या जातात. पाच जणांच्या पाच वेगळ्या अडचणी जड जातात.

समाधानी लोक गप्प असतात म्हणता, असतीलही. पण त्या ‘निरंक’मध्ये समाधानी, कंटाळलेले आणि ज्यांच्यापर्यंत सूचना पोचलीच नाही असे सगळे एकत्र पडलेले असतात. त्यांना वेगळं काढायला त्या रकान्यात जागा नसते.