सक्तीची वहिवाट

महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पायी फिरायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आमची मुलगी आणि जावई तिकडे राहतात, पुण्याचा उन्हाळा चुकवायला आम्ही उभयता मे महिन्यात त्यांच्याकडे जातो, आणि रविवार उजाडला की न्याहारीच्या टेबलावर घोषणा होते, "बाबा, आजचा वॉक अगदी सोपा आहे हं. सगळा सपाट. शिवाय वाटेत दोन गावं." चढाची मला भीती नाही, पर्वतीच्या पायऱ्या मी अजूनही न थांबता चढतो. माझी अडचण निराळी आहे. आपल्याकडे माणूस पाय मोकळे करायला बाहेर पडतो, आणि चिखल लागला, पाऊस आला किंवा कुठून भजी तळल्याचा वास आला की खुशाल मागे फिरतो. तिथे चालणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि हक्क म्हटला की तो बजावावा लागतो, मग गुडघ्यांची त्याला संमती असो वा नसो.

या हक्काची व्याप्ती ऐकून मी प्रथम चमकलोच होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा अशा आहेत की जमीन एकाची, पण तिच्यावरून चालत जाण्याचा अधिकार वाटेल त्याला. या वाटा शेतांतून जातात, मेंढ्यांच्या कुरणांतून जातात, आणि कधी कधी एखाद्या गृहस्थाच्या बागेतून, तो चहा पीत बसलेला असताना त्याच्या खुर्चीला खेटूनही जातात. माझ्या नोकरीची कितीतरी वर्षे रस्त्याच्या दाव्यांत गेली. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागणारा एक भाऊ, ती वाट रातोरात नांगरून टाकणारा दुसरा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये पंचनाम्याचे कागद छातीशी धरून उभा असलेला मी, हा प्रसंग मला इतका पाठ आहे की परक्याच्या शेतात पाऊल टाकताना माझी नजर आपोआप काठी घेऊन येणाऱ्या माणसाला शोधू लागते. "चला ना बाबा, राइट ऑफ वे आहे," असे मुलगी म्हणते. राइट ऑफ वे असतानाच डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, हे तिला कसे सांगावे?

जावईबापूंना इतिहासाचा नाद आहे. 1932 सालच्या एप्रिलमध्ये डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या पठारावर, जे जमीनदारांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते, शेकडो तरुण कामगार ठरवून घुसले, रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला, ही हकीकत ते प्रत्येक वॉकच्या सुरुवातीला प्रार्थनेच्या सुरात सांगतात. पुढे 1949 च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करणे काउंटी कौन्सिलांना भाग पडले. ऐकताना माझाही ऊर भरून येतो, नाही असे नाही. पण किंडर स्काउटच्या त्या झटापटीआधी दोनच वर्षे आपली माणसे दांडीपर्यंत चालत गेली ती मिठासाठी. ही मंडळी तुरुंगात गेली ती नुसते चालायला मिळावे म्हणून. मीठ निदान आमटीत तरी पडते.

परवाच्या रविवारी कॉट्सवोल्डमधल्या बोर्टन-ऑन-द-वॉटरहून निघून लोअर स्लॉटर, तिथून अपर स्लॉटर आणि दुसऱ्या वाटेने परत, असा बेत होता. बोर्टनमध्ये विंडरश नदी भर गावातून वाहते, तिच्यावर ठेंगणे दगडी पूल आहेत आणि त्या पुलांवर इतके पर्यटक आहेत की हिने सवयीने पर्स पुढे घेऊन धरली. रोमनांनी आखलेला फॉस वे हा हमरस्ता ओलांडला आणि माणसे एकदम संपलीच. लोअर स्लॉटरला मधाळ रंगाच्या दगडांची घरे, दारासमोरून जाणारी आय नावाची चिमुकली नदी आणि एक जुनी पाणचक्की आहे; पण कुकरची शिट्टी नाही, भांडण नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. "इथे माणसं राहतात ना हो?" असे हिने दबक्या आवाजात विचारले. अपर स्लॉटर मैलभर पुढे आणि त्याहूनही शांत. दोन्ही महायुद्धांत या गावातून लढायला गेलेले सगळेच्या सगळे जिवंत परतले, आणि असे भाग्य इंग्लंडमध्ये फार थोड्या गावांच्या वाट्याला आले, ही माहिती जावईबापूंनी पुरवली तेव्हा मला हायसे वाटले. इथून निघालेला माणूस घरी पोहोचतो, याला एवढा तरी पुरावा होता. परतीच्या वाटेला लागल्यावर तो पुरावा मला अपुरा वाटू लागला.

प्रथम आले किसिंग गेट. हे फाटक अर्धगोल कठड्याच्या आत हलते. माणसाने कठड्यात शिरायचे, फाटक पोटाजवळून फिरवून घ्यायचे आणि पलीकडे निसटायचे. गुरांना हे जमू नये अशी त्याची रचना असते. पाठीवर थर्मास आणि धपाट्यांचा डबा असलेली सॅक घेतलेल्या निवृत्त नायब तहसीलदारालाही ते जमत नाही. शेवटी सॅक कठड्यावरून गेली आणि मी फाटकातून गेलो. त्यानंतर स्टाइल, म्हणजे कुंपणाच्या आरपार ठोकलेल्या दोन आडव्या फळ्या, ज्यांवर चढून कुंपण ओलांडायचे असते. ही नव्या बुटांत टुणकन पलीकडे गेली. मी मात्र वरच अडकलो, कारण उतरताना शेताकडे तोंड करावे की पाठ, यावर खाली उभ्या असलेल्या तिघांत मतभेद झाले आणि निर्णय होईपर्यंत मला कुंपणावर तिष्ठत बसावे लागले.

पुढच्या फाटकावर पाटी होती: शेतात वळू आहे.

"मग मागे फिरू," मी म्हणालो. माझ्या मते विषय तिथेच संपला होता.

"घाबरवायला लावली असेल पाटी," ही म्हणाली. त्यावर जावईबापूंनी खुलासा केला की वाटसरूंना परतवून लावणारी खोटी पाटी लावणे हा 1949 च्या त्याच कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे वळू आत होता, आणि त्याच्या तिथे असण्याची हमी खुद्द पार्लमेंटने घेतली होती. मग मुलीने 1981 चा कायदा काढला. दुभत्या म्हणून नोंदलेल्या सात जातींपैकी कुठल्याही जातीचा, दहा महिन्यांहून मोठा वळू अशा वाटेच्या शेतात मोकळा सोडता येत नाही. इतर जातींचा सोडता येतो, मात्र त्याच्यासोबत गायी किंवा कालवडी हव्यात. संसारी वळू शांत असतो असे तिथल्या कायदेमंडळाचे निरीक्षण दिसते, आणि ते कोणाच्या उदाहरणावरून केले असावे याबद्दल मला शंका नाही. पण समोरचा वळू कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरवायचे तर त्याची जात आणि वय, दोन्ही तपासायला हवे. जातीच्या आणि वयाच्या दाखल्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून ढिगाने गेले आहेत. फक्त अर्जदार टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असे.

वळू तांबूस होता, अवाढव्य होता आणि बसून रवंथ करत होता. त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. कालवडींनी मात्र पाहिले. शेताच्या दुसऱ्या टोकाहून त्या उड्या मारत आल्या आणि चार हातांवर थबकून आमच्या मागून चालू लागल्या. आम्ही थांबलो की त्या थांबत, आम्ही वळून पाहिले की भलतीकडे बघत. "पळायचं नाही, बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "त्यांना नुसतं कुतूहल असतं." मी पळालो नाही. मी झपाझप चाललो, आणि त्या वेगाने मी नोकरीत असताना मंत्र्यांच्या दौऱ्यातसुद्धा चाललो नव्हतो.

त्यापुढच्या शेतात वाटच नव्हती. छातीपर्यंत वाढलेले, पिवळ्याधमक फुलांचे रेपसीड होते आणि समोर कुंपणाच्या खांबावर पिवळा बाण होता, म्हणजे पायी जाणाऱ्यांचा मार्ग. मुलीने नारिंगी वेष्टनाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा उघडला. पंचवीस हजारास एक या प्रमाणाच्या त्या नकाशावर हिरवी तुटक रेषा पिकाच्या मधोमध गेली होती. आपल्याही गावनकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. ती जागेवर सापडत नाही एवढाच फरक. तिथे पिकातून जाणारी वाट निदान एक मीटर रुंद आणि मोकळी ठेवणे शेतकऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्याने ती ठेवली नसेल तर रेषेवरून, म्हणजे पिकातून, चालत जावे. मुलगी शिरली. माझ्या अंगावर काटा आला. उभ्या पिकात पाय घालणाऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे मी स्वतः केलेले आहेत.

आम्ही मध्यावर पोहोचलो असू, तेवढ्यात बांधावरून चारचाकी मोटरसायकलीवर शेतकरी आला. मी मनातल्या मनात जबाबाची जुळवाजुळव सुरू केली. त्याने टोपीला हात लावला, हवा छान असल्याचे सांगितले आणि वाट कापायची राहून गेल्याबद्दल आमचीच क्षमा मागितली. इतक्या वर्षांत मला असा प्रतिवादी भेटला नव्हता. तो भेटता तर निकालपत्र चार ओळींत आटोपले असते. माझी ओळख करून देताना जावईबापूंनी सांगितले, "हे भारतात वाटांच्या तंट्यांचे निकाल देत असत." त्यासरशी त्या भल्या माणसाने गाडी बंद केली. त्याच्या गोठ्याच्या अंगणातूनच एक पायवाट जाते. ती बाजूच्या कुरणातून वळवून मिळावी असा त्याचा अर्ज आहे, कुरणाकडची वाट अधिक सोयीची आणि कोरडी आहे, पण चालणाऱ्यांपैकी कोणीतरी हरकत घेतली आणि प्रकरण वर्षानुवर्षे रखडले आहे.

"आदेशाचा मसुदा निघाला होता का?" मी विचारले. निघाला होता. "हरकत मुदतीत आली की मुदतीनंतर?" मुदतीच्या शेवटच्या दिवशी. हे तर मी न सांगताच ओळखले असते. मी सॅक उतरवली आणि त्याला एक धपाटे दिले. ही बांधावर जाऊन बसली. बोर्टनच्या पबातले स्वयंपाकघर अडीचला बंद होते, अशी आठवण मुलीने दोनदा केली.

"सुनावणी चालू आहे," मी तिला म्हणालो, आणि त्याच्याकडे वळलो. "आता मला सांगा, नोटीस वाटेच्या दोन्ही टोकांना लावली होती, की एकाच?"